पदक मिळणार नाही हे ठाऊक आहे, तरी दिल्लीला जायचं का?

‘निवड झालीय, पण तिथं जाऊन मी काही जिंकणार नाही. मग एवढा खर्च करून जायचं कशाला?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येतो. कुणाची एकांकिका अंतिम फेरीत गेलेली असते, कुणाच्या मुलीची बुद्धिबळ स्पर्धा परराज्यात असते. इथे ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते पंचेचाळिशीतले ऊस बागायतदार. स्पर्धा ट्रॅप नेमबाजीची, राष्ट्रीय, दिल्लीत. नवरा-बायको दोघांच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

आधी आल्या त्या ताई. कृष्णाकाठच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ‘मॅडम, हे रात्र-रात्र जागे असतात. दिल्लीचा विषय निघाला की चिडतात. जावा म्हटलं तर म्हणतात, तुला मी घरात नकोच आहे. नको जावा म्हटलं तर दोन दिवस अबोला. मी नेमकं काय बोलायचं?’ बोलता बोलता केंद्रप्रमुखाच्या, म्हणजे काही शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या पदाच्या, परीक्षेचा फॉर्म यंदाही राहून गेला, असं त्या म्हणाल्या आणि लगेच पुन्हा नवऱ्याच्या विषयावर आल्या. मी ते वहीत लिहून ठेवलं.

पुढच्या वेळी दोघं आले. पहिला प्रश्न मी दिल्लीचा विचारला नाही. घरात बंदूक आहे आणि माणूस झोपत नाही, चिडतो आहे, अशा वेळी जिवाचं काही बरं-वाईट करण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावंच लागतं. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. दादांनी, म्हणजे ताईंच्या नवऱ्याने, शांतपणे नाही म्हणून सांगितलं. बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत असतात हेही सांगितलं. काही दिवस दोन्ही किल्ल्या ताईंकडे ठेवायचं ठरलं, आणि त्याचा त्यांना राग आला नाही.

मग मी त्यांना खेळाबद्दल विचारलं आणि दादा खुलले. वडिलांची बारा बोअरची बंदूक रानडुकरांपासून पीक राखायला होती, तिच्यामुळे नाद लागला. आता ते स्पर्धेची बंदूक वापरतात. ट्रॅपमध्ये नेमबाजापुढे जमिनीखालच्या खंदकात पंधरा यंत्रं असतात, प्रत्येक स्टेशनसमोर, म्हणजे नेमबाज उभा राहतो त्या जागेसमोर, तीन. तोंडातून आवाज काढला की मायक्रोफोन तो पकडतो आणि तिघांपैकी कुठल्या तरी एका यंत्रातून मातीची तबकडी सुटते. हे लोक तिला ‘बर्ड’ म्हणतात. ती ७६ मीटरपर्यंत जाईल अशा वेगाने निघते. डावीकडे जाईल, उजवीकडे की सरळ, हे आधी कळत नाही. पंचवीस बर्डच्या एका राउंडमध्ये प्रत्येकाला दहा डावीकडचे, दहा उजवीकडचे, पाच सरळ मिळतात. क्रम मात्र कुणालाच ठाऊक नसतो. असे पाच राउंड, १२५ बर्ड. प्रत्येकावर दोन बार मारता येतात.

‘मग अडतं कुठं?’

‘चौथ्या राउंडला. सलग दोन सुटले की डोकं जातं.’

‘आणि दिल्लीला जायचं कुठं अडतंय?’

‘ऊस,’ ते म्हणाले. ‘आडसाली, दीड वर्षाची लागण आहे. तोडणीची टोळी कधी येईल सांगता येत नाही. चिटबॉयच्या, कारखान्याच्या तोडणी ठरवणाऱ्या माणसाच्या, मागं फिरायला मीच लागतो.’

ही अडचण खरी होती. राष्ट्रीय स्पर्धा थंडीत आणि गाळपाचा हंगामही थंडीत. तयार ऊस शेतात उभा राहिला की वजन घटतं, वर्षाची कमाई हलते. तेव्हा ‘ही तुमची पळवाट आहे’ असं म्हणणं अन्यायाचं झालं असतं. पण खऱ्या अडचणीच्या आडही माणूस उभा राहू शकतो, म्हणून मी आणखी थोडं विचारत राहिले. बऱ्याच वेळाने ते खाली बघत म्हणाले, ‘निकालाची यादी मोबाइलवर येते मॅडम. आमच्याकडची माणसं ती खालून वाचायला सुरुवात करतात.’

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. घरात एवढे वाद झाले, पण ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती.

इथे मला घरातला पेच उलगडला. दादांना ताईंकडून परवानगी नको होती. कुणीतरी ‘नको’ म्हणावं, म्हणजे न जाण्याचं ओझं त्या माणसाच्या खांद्यावर जाईल, असं त्यांना आतून वाटत होतं. म्हणून ताईंचं कुठलंही उत्तर चुकीचंच ठरत होतं. मी ताईंना म्हटलं, ‘जावा की नको, यावर तुम्ही आता मत द्यायचं नाही. जाणार असतील तर तुम्हाला काय हवं, तेवढंच सांगा.’ त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. ‘खर्चाचा आकडा आधी कळला पाहिजे. आणि परत आल्यावर आठ दिवस तोंड पाडून बसायचं नाही.’

पदकाचा विचार बाजूला ठेवा, असं मी या प्रश्नावर नेहमी सांगते, आणि लोकांना तो उपदेश वाटतो. मला त्यात साधा व्यवहार दिसतो. पदक मिळेल का, याचं उत्तर आज कुणाकडेच नाही. त्यावर निर्णय टांगून ठेवला तर तो प्रवेशिकेची तारीख उलटेपर्यंत टांगलेलाच राहतो, आणि मग तारखेनेच आपल्या वतीने ठरवलेलं असतं. त्या प्रकाराची सल फार दिवस राहते. ‘जात नाही’ असं स्वतः ठरवलेला माणूस सहसा लवकर सावरतो, त्यामुळे न जाणं हेही माझ्या लेखी पूर्ण उत्तर आहे. फक्त ते ठरवलेलं असावं. म्हणून मी दादांना घरी दोन गोष्टी लिहायला सांगितल्या: पदक वजा केलं तर तिथं जाऊन काय करायचं आहे, आणि काय घडलं तर अजिबात जायचं नाही.

ते वहीचं पान घेऊन आले. ‘खऱ्या पंधरा यंत्रांपुढं उभं राहायचंय. आमच्याकडं सरावाला एवढी नाहीत. चौथा राउंड तिथं कसा जातो ते बघायचंय. करणीसिंगांच्या रेंजवर एकदा बार काढायचाय.’ तुघलकाबादची ही रेंज १९८२च्या आशियाई खेळांसाठी उभी राहिली. बिकानेरच्या करणीसिंगांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्यपदक मिळवलं आणि १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ते उतरले तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. हे दादांनीच मला सांगितलं, आणि ‘या वयात’ हा शब्द त्यानंतर आमच्या बोलण्यात आला नाही. ज्या स्पर्धांच्या शिडीवरून ते वर आले त्यात गणेश वासुदेव मावळणकरांच्या नावाची एक स्पर्धा आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष नेमबाजांच्या राष्ट्रीय संघटनेचेही पहिले अध्यक्ष होते, हे मलाही नवीन होतं.

पानाच्या दुसऱ्या बाजूला अटी होत्या. घरातल्या वडीलधाऱ्या आबांना दवाखान्यात ठेवावं लागलं तर जायचं नाही. धाकट्या भावाला तोडणीला उभं राहता येणार नसेल तर जायचं नाही. प्रवेश शुल्क, गाडी, खोली, काडतुसं, सरावाचे राउंड मिळून खर्च ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर जायचं नाही. यादी करता करता विमान आपोआप गळलं. एका प्रवाशाला पाच किलोपर्यंतच काडतुसं नेता येतात आणि १२५ बर्डवर दोन-दोन बार धरले तर तेवढी पुरत नाहीत. मिरजेहून गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनला जाते, तिथून तुघलकाबाद जवळ.

‘आणि परवाना?’ मी विचारलं. शस्त्र परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रात चालतो हे लिहिलेलं असतं. फक्त राज्यापुरता असेल तर बंदूक घेऊन दिल्लीला जाताच येत नाही. दादांनी पिशवीतून परवाना काढून पुढे केला. त्यावर क्षेत्र होतं संपूर्ण भारत. पात्र ठरण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ते वाढवून घेतलं होतं, घरात न बोलता. ताईंनी तो कागद हातात घेऊन दोनदा वाचला. ‘म्हणजे तुम्हाला जायचंच होतं,’ त्या म्हणाल्या. दादा ‘होय’ म्हणाले. एवढ्या आठवड्यांत हे ‘होय’ त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. प्रवेशिका त्यांनी त्याच संध्याकाळी भरली.

गाडी भोपाळच्या पुढे गेल्यावर भावाचा फोन आला, टोळी उद्या येतेय. एरवी त्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरायचा विचार केला असता. पण या प्रसंगाचं उत्तर पानावर आधीच लिहिलेलं होतं: भाऊ उभा राहणार असेल तर पुढं जायचं. भाऊ उभा राहिला.

पहिल्या दिवशी तीन राउंड झाले: १९, २०, १८. दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यामुळे खेळ उशिरा सुरू झाला आणि चौथ्या राउंडला १४ आले. पाचव्याला पुन्हा २०. एकूण ९१. यादीत नाव बरंच खाली होतं, आणि गावातल्या कुणीतरी ती खालूनच वाचली. त्याचा दादांना त्रास झाला, हे त्यांनी मला सांगितलं आणि मीही तो हलका करायला गेले नाही. फोनवर त्यांनी ताईंना सगळ्यात आधी १४ सांगितले होते. आता ते दर रविवारी मुद्दाम तासभर थांबून मगच चौथा राउंड मारतात. झोप येते. किल्ल्या पुन्हा त्यांच्याकडे आहेत.

शेवटच्या भेटीला दोघं आले तेव्हा मी वहीतली जुनी नोंद काढली आणि ताईंना विचारलं, ‘केंद्रप्रमुखाच्या परीक्षेचं काय?’ त्या म्हणाल्या, ‘जागा थोड्या, अर्ज हजारो. होणार तर नाहीच.’ दादांनी माझ्याकडे बघितलं, पण ते काही बोलले नाहीत. मी ताईंना कोरं पान दिलं. बुधवारी त्या एकट्या येणार आहेत.