लोकलमध्ये कानेमन ऐकायचा असेल तर

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचं, आपण विचार आणि निर्णय कसे करतो यावरचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (2011) घेतलंत ते बरं केलंत, पण ऑडिओ जवळपास 20 तासांचा आहे. बोरिवली ते चर्चगेट धीमी गाडी धरलीत, बसायला मिळालं, तर एका फेरीत दोन-तीन प्रकरणं होतात. त्याहून जास्त ओढू नका, डोक्यात राहत नाही.

वेग 1 वरच ठेवा. दीडपटीची फुशारकी कादंबरीला ठीक. इथे मध्येच कोडं येतं. बॅट-बॉल मिळून 110 रुपये, बॅट बॉलपेक्षा 100 ने महाग, बॉल केवढ्याचा? तोंडात पटकन 10 येतं. मग बॅट 110 ची आणि बेरीज 120! उत्तर 5. अशा ठिकाणी पॉज करून स्वतः हिशेब मांडायचा, नाहीतर पुस्तकाची अर्धी मजा गेली. आकृत्यांची पीडीएफ सोबत मिळते, ती आधीच मोबाइलवर उतरवून ठेवा.

'प्रायमिंग'चं (आधी दिसलेल्या-ऐकलेल्या गोष्टीचा नकळत वागण्यावर परिणाम होतो, ही कल्पना) प्रकरण मात्र जपून ऐका. त्यातले बरेच प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाहीत, आणि लहान नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण फार विसंबलो हे कानेमन यांनी 2017 मध्ये स्वतः मान्य केलं. (असं कबूल करणारे लेखक विरळाच.) तेवढ्या भांडवलावर ऑफिसात कुणाचं मन ओळखायला जाऊ नका.

आणि दादरला उतरायचं असेल तर एक इअरफोन काढा. घोषणा ऐकू आली नाही तर थेट पुढच्या स्टेशनात.