गिटारचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका २८ वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे. पाच एकर शेती, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार. ते विचारतात, पारदर्शक ॲक्रिलिक बॉडीची इलेक्ट्रिक गिटार ७० हजारांना मिळते, हप्त्यावर घेऊ का? आत एलईडी लावले की स्टेजवर उठून दिसेल, मानधन दुप्पट होईल. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय: ‘सोयाबीनचे एक लाख एफडी कराले बँकेत गेलो होतो, साहेबानं त्याच्यापेक्षा भारी स्कीम देली. कागद धा दिवसांआधी आले.’

भाऊ, ही एफडी नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत स्पष्ट छापलंय: वार्षिक हप्ता १ लाख, १० वर्षं भरायचे, २० व्या वर्षी १६ लाख. दहाचे सोळा ऐकायला गोड वाटतात, पण हिशेब केला तर परतावा वर्षाला जेमतेम ३ टक्के. पुढच्या वर्षी सोयाबीनवर येलो मोझॅक रोग आला तर हा लाख कुठून भरणार? पावसावर चालणाऱ्या घराला दहा वर्षांचा हप्ता गळ्यात बांधणं हा अन्याय आहे, आणि तो मी रोज बघतो.

कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तुमचे २० दिवस उरलेत, म्हणून हे उत्तर तुम्हाला फोनवर आधीच सांगितलं. अर्जात पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, ‘एफडी सांगून विकली’ हे कारण लिहा, रद्द केलेला चेक जोडा आणि शिक्क्यासह पोच घ्या. पाकीट फेकू नका, त्यावर तारीख आहे. स्टॅम्प ड्युटी आणि थोडं किरकोळ कापून पैसे परत येतात. बँकवाले ‘एक वर्ष राहू द्या’ म्हणाले तर ऐकू नका. टाळाटाळ झाली तर १५५२५५ वर विमा नियामकाकडे तक्रार करा.

आलेला लाख थेट पीक कर्जात भरा. १ लाख २० हजार बाकी आहे म्हणता. मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. चुकलं तर ७ टक्क्यांनी ८,४०० रुपये. वरचे वीस हजार जमवा आणि खरिपाआधी नवं-जुनं करून घ्या, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचला. घरच्यांसाठी विमा हवाच, पण साधा टर्म, म्हणजे बचत न जोडलेला, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा.

आता गिटार. तुमचे वर्षाला २५ कार्यक्रम, दीड हजार प्रत्येकी, म्हणजे वर्षाला ३७,५०० रुपये. दोन वर्षांचा हप्ता महिना साडेतीन हजार, म्हणजे वर्षाला ४२ हजार. मंडपवाला सुपारी ऑर्केस्ट्राला देतो, तुमच्या गिटारला वेगळी नाही. १९६९ मध्ये डॅन आर्मस्ट्राँगने अँपेग कंपनीसाठी अशी गिटार केली, रोलिंग स्टोन्स बँडच्या कीथ रिचर्ड्सने ती स्टेजवर वाजवली, देखणी आहेच. पण ॲक्रिलिक गिटारच्या हलक्या लाकडाच्या दुपटीहून जड असतं, ओरखडे लगेच दिसतात आणि स्पिरिटने पुसलं तर बारीक तडे जातात. पुढच्या हंगामात रोख जमले तर दुकानात पट्टा खांद्याला लावून अर्धा तास उभ्यानं वाजवा, मग ठरवा.