नजरअंदाज म्हणजे दुर्लक्ष नव्हे

सोलापूरहून प्रश्न आला आहे: 'नजरअंदाज पैसेवारी जाहीर' अशी बातमी वाचली. नजरअंदाज म्हणजे दुर्लक्ष. मग दुर्लक्ष करून पैसेवारी कशी ठरवतात?

दुर्लक्ष करून नाही, नीट बघून. पैसेवारी म्हणजे पूर्ण पिकाच्या मानाने यंदा पीक किती आलं, याचा पैशांत मांडलेला आकडा. डोळ्यांनी पाहून बांधलेला अंदाज तो नजरअंदाज, आणि मराठीत हा अर्थ महसुली कागदांत आजही धडधाकट आहे. 'तिने मला नजरअंदाज केलं' हे हिंदीतून उचललेलं आहे आणि हल्ली ते बातम्यांतही घुसलं आहे. वास्तविक या बाबतीत आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ नाही. लक्षच गेलं नाही तर दुर्लक्ष. दिसलं, पण न दिसल्यासारखं केलं तर काणाडोळा. चूक दिसूनही खपवून घेतली तर डोळेझाक. या तीन छटांवर एकच उसना शब्द थापायचा कशाला?

नजर अरबी. (नजराणा मात्र या नजरेचा कुणी नव्हे. तो 'नज्र' म्हणजे नवस, भेट, यावरून आला. अरबीत दोन्हींचा 'ज' वेगळा, आपल्या कानाला एकच.) खरी गंमत अंदाजमध्ये आहे. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे टाकणे, फेकणे. तीर सोडतो तो तीरंदाज, तोफेचा गोळा टाकतो तो गोलंदाज. क्रिकेटने गोळ्याच्या जागी चेंडू दिला एवढंच. 'नजर अंदाख्तन' म्हणजे अक्षरशः आपलं 'नजर टाकणे'. आणि 'अज नजर अंदाख्तन' म्हणजे नजरेतून टाकून देणे. हा 'अज' म्हणजे 'पासून'. उर्दूत तो गळून पडला आणि बघण्याचा शब्द न बघण्याचा झाला, असं माझं ठाम मत आहे. मराठीने अंदाजचा दुसरा अर्थ धरला: माप, अदमास. फारसी 'अंदाजा' म्हणजे माप. त्यावरूनच अरबीत 'हंदसा' म्हणजे भूमिती आणि 'मुहंदिस' म्हणजे इंजिनिअर हे शब्द गेले. फेकण्याचा अंदाज आणि मापण्याचा अंदाज ही दोन वेगळी कुळं आहेत, असं सांगणारे अभ्यासक आहेत. मला ते पटत नाही. नजर कुठून टाकली यावर माप बदलतं, हे त्यांनी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, ज्वारीच्या पिकाशी उभं राहून पाहावं.

ज्वारी पोटऱ्यात (कणीस अजून पोटात) किंवा निसवलेली (कणीस बाहेर पडलेली) असताना बांधावरून पाहिली की रान भरलेलं दिसतं. कडेच्या ताटांना ऊन जास्त, जागा जास्त, म्हणून ती दणकट असतात आणि आतली तुटाळं, म्हणजे रोप नसलेल्या मोकळ्या जागा, झाकतात. ज्याच्या दावणीला जनावरं आहेत तो उंची बघतो, कारण त्याच्या डोक्यात कडब्याचा हिशेब असतो. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी 35-1 ही ज्वारीची जात उंच वाढते, त्यामुळे तो खूश. धान्य विकणारा कणीस हातावर चोळतो आणि दाणा बारीक निघाला की मान हलवतो. दोघेही खरं बोलतात. रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. दाणा भरायच्या वेळी ओल संपली तर ताट उभं राहतं, पण कणीस हलकं राहतं. त्यात खडखड्या रोग आला की बुंधा आतून पोकळ होतो. वरून काही कळत नाही आणि वाऱ्याच्या एका झोताला ताटं कोलमडतात. म्हणून नजरअंदाज करणाऱ्याने बांध सोडून आत शिरावं, निदान तीन ठिकाणी कणीस चोळावं आणि ताट बुंध्याशी दाबून बघावं. बरड म्हणजे हलकं रान आणि काळं रान एकाच सरासरीत ढकलू नये.

पुढे कापणी प्रयोग येतो, म्हणजे शेतातला एक चौकोन कापून त्यातलं धान्य तोलणं, तो या नजरेला आवर घालायला. समजा 10 बाय 10 मीटरचा चौकोन घेतला, म्हणजे एक आर, हेक्टरचा शंभरावा भाग. तो डोळ्यांनी निवडायचा नाही. डोळा कुणाचाही असो, चांगल्याकडे नाहीतर वाईटाकडे ओढतोच. म्हणून जागा यादृच्छिक आकड्यांवरून काढतात. त्यातलं धान्य वाळवून 5.4 किलो भरलं तर हेक्टरी 540 किलो. ओलंच तोललं तर आकडा फुगतो, म्हणून वाळल्यावर येणारी घट त्यातून वजा करावी लागते. प्रमाण उत्पन्न, म्हणजे पूर्ण पीक, हेक्टरी 1,200 किलो धरलेलं असेल, तर पैसेवारी 45 पैसे. 50 पैशांच्या आत आलं की गाव टंचाईच्या सवलतींच्या हिशेबात येतं. 1957 साली दशमान नाणी येण्यापूर्वी हीच आणेवारी होती, सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. जुने लोक आजही आणेवारीच म्हणतात.

तेव्हा बातमीत 'नजरअंदाज' दिसलं की ती पहिली पायरी समजा. त्यानंतर 'सुधारित' आणि शेवटी 'अंतिम' पैसेवारी येते. नजरअंदाजात 55 पैसे असलेलं गाव अंतिममध्ये 45 वर येऊ शकतं, आणि उलटही होतं. गावाचा आकडा बघताना आधी तो या तिघांपैकी कुठला आहे, ते बघा.