‘आग का दरिया’ वाचताना कालखंडांचा तक्ता मांडू नका, आणि सुरुवात तर अजिबात गाळू नका

तुमचा प्रश्न असा: कुर्रतुलऐन हैदर यांची ‘आग का दरिया’ ही उर्दू कादंबरी दोनदा हातात घेतली आणि दोन्ही वेळा सुरुवातीच्या भागातच सोडली. मौर्यकाळ, जौनपूरची सल्तनत, कंपनी सरकार, फाळणी असं सगळं एकात एक येतं, त्याच नावांची माणसं पुन्हा पुन्हा भेटतात, कोण कुठला ते लक्षात राहत नाही. मग तक्ता करून वाचू, की सरळ फाळणीच्या भागापासून सुरू करू?

दोन्ही करू नका. नेमके हेच दोन सल्ले मला माझ्या घरात मिळाले होते, म्हणून इतक्या तावातावाने लिहिते आहे.

आधी तुमची अडचण. तुम्ही कुठे अडकलात याचा मला अंदाज आहे. श्रावस्तीला शिकणारा गौतम नीलांबर, हाताने चित्रं-मूर्ती करणारा. अयोध्येची चंपक. चंद्रगुप्ताचं सैन्य येतं, लढाईत गौतमची बोटं जातात, बोटांबरोबर कला जाते, मग तो नट होऊन गावोगाव हिंडतो. शेवटी शरयू पोहून जाताना एका दगडाला धरतो आणि बोटंच नाहीत म्हणून हात सुटतो. लाटा त्याच्यावरून निघून जातात. लगेच पुढे कोणी अबुल मन्सूर कमालुद्दीन काठावर येतो आणि झाडाखाली घोडा बांधतो. मध्ये ‘अठराशे वर्षांनंतर’ अशी पाटी नाही. वाचणारा मागची पानं उलटून बघतो की आपलं काही वाचायचं राहिलं का.

काही राहिलेलं नाही. ज्याच्याबरोबर आपण इतकं चाललो तो बुडाला, आणि आता काठावर उभा असलेल्या माणसाला त्याचं नावसुद्धा माहीत नाही. हे वाचताना पोटात खड्डा पडला पाहिजे. तक्ता शेजारी असला की तो पडत नाही. एक रकाना संपला, दुसरा सुरू झाला, एवढंच होतं.

आता माझ्या घरातलं. मी नागपूरची, बँकेत नोकरी केली. उर्दू लिपी येत नाही, हिंदीतून वाचते. माझे भासरे, म्हणजे यजमानांचे मोठे भाऊ, अमरावतीला शाळेत इतिहास शिकवायचे. माणूस विद्वान, सनावळ्या तोंडपाठ, घरात सगळे त्यांचा शब्द मानतात. दिवाळीला आम्ही अमरावतीला जायचो. त्या वर्षी मी ही कादंबरी बरोबर नेली होती. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की माजघरात खिडकीशी बसून वाचायचे. भाऊजींनी बघितलं, पुस्तक हातात घेतलं, चाळलं आणि म्हणाले, “अगं, हे असं सरळ वाचून तुला झेपणार नाही.” खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर रकाने आखले. मला न विचारता. उभे चार कालखंड. आडव्या ओळींत गौतम, हरिशंकर, कमाल, सिरिल. तळाला चंपा. जौनपूरच्या रकान्यात लिहिलं: 1479, बहलूल लोदी. अवधच्या रकान्यात: 1856, खालसा. “एवढं लक्षात ठेव. बाकी सगळा पाल्हाळ आहे. तो गाळ आणि फाळणीच्या काळातल्या लखनौच्या मुलांपासून सुरू कर, खरी गोष्ट तिथे आहे. आणि हा पुनर्जन्म आहे, तोच आत्मा परत येतो, हे कळलं की संपलं.”

मी तेव्हा गप्प बसले. सासूबाई समोर होत्या, सणाचा दिवस होता. पण पुस्तक सुरुवातीपासून, ओळीने, जसं लिहिलंय तसं वाचलं आणि पुढच्या दिवाळीला भाऊजींशी बोलले.

1479 ला जौनपूर पडलं हे खरं. तिथला सुलतान हुसेन शाह शर्की दिल्लीच्या बहलूल लोदीकडून हरला. गाणं ऐकणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेल, जौनपुरी राग परंपरेने त्याच्या नावावर सांगतात. पण कादंबरी त्या सनावर थांबतच नाही. ती कमालुद्दीनच्या मागे जाते. परदेशातून आलेला, दरबारात पुस्तकांमध्ये रमलेला हा माणूस दरबार बुडाल्यावर भटकत भटकत बंगालमध्ये पोचतो, तिथे लग्न करतो, शेती करतो, तिथलाच होऊन जातो. आणि विसाव्या शतकातला कमाल? लखनौमध्ये वाढलेला, इंग्लंडमध्ये शिकून ‘मी इथेच राहणार’ म्हणून परतलेला. त्याला काम मिळत नाही, घर हातचं जातं, शेवटी तो पाकिस्तानला जातो. पुढे कामासाठी भारतात येतो तेव्हा परका म्हणून येतो आणि जिवाभावाच्या मित्रांना न भेटताच परत जातो. बंगालच्या चिखलात भात लावणारा पहिला कमाल ज्याने वाचलेला नाही, त्याला या दुसऱ्याच्या जाण्याचं काय वाटणार? फाळणीवरच्या अनेक कथांमधली आणखी एक, एवढंच. म्हणून सुरुवात गाळू नका म्हणते.

माझं खरं भांडण मात्र तळाच्या ओळीवरून होतं. भाऊजींनी चंपाला एकाच ओळीत बसवलं होतं, जणू चारही ठिकाणी तीच बाई. नाही हो. पहिली चंपक मोठ्या घरची, तिला युद्धात उचलून नेतात आणि एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याच्या घरात टाकतात. दुसरी चंपावती, अयोध्येच्या पंडिताची बहीण, कमालुद्दीन तिला मागे ठेवून जातो. तिसरी लखनौची तवायफ चंपाजान. चौथी चंपा अहमद, बनारसच्या मध्यमवर्गीय मुसलमान घरातली, शिकलेली. जात, धर्म, घर, प्रतिष्ठा सगळं बदलतं. बदलत नाही ते एकच: पुरुष निघून जातो. कोणी युद्धावर, कोणी ग्रंथ शोधायला, कोणी कंपनीच्या नोकरीवर, कोणी नव्या देशात. आणि ती थांबलेली असते. चौथी चंपा पॅरिस-लंडन बघते, खूप भरकटते, पण शेवटी स्वतःच्या पायांनी आपल्या देशात, आपल्या माणसांत परत येते. कोणाची वाट बघायला नव्हे. पहिल्या तिघी वाचलेल्या असल्या तरच या चौथीचं परत येणं केवढं मोठं आहे ते कळतं. पुनर्जन्म म्हटलं की हा सगळा फरक पुसला जातो. तोच आत्मा असेल तर तेच भोग, मग बदललं काय?

भाऊजी म्हणाले, “हे बायकी वाचन झालं.” मी विचारलं, चंपावती कोणाची बहीण? त्यांना सांगता आलं नाही. जौनपूरचा भाग त्यांनी वाचलाच नव्हता. सन पाठ होता, म्हणून वाचायची गरज वाटली नव्हती. मला राग त्याचा नाही, कोणी किती वाचावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. राग याचा की न वाचलेल्या भागाचा तक्ता त्यांनी माझ्या पुस्तकात आखला आणि घरातल्या सगळ्यांनी मान डोलावली. तो मी खोडरबरने पुसला. पेन्सिलीच्या खुणा अजून दिसतात.

अजून एक त्यांना सांगायचं राहिलं होतं, ते तुम्हाला सांगते. ‘पाकिस्तानात लिहिलेलं पुस्तक’ म्हणून ते या कादंबरीकडे जरा तिरकं बघायचे. 1959 साली कादंबरी आली तेव्हा हैदर तिथे होत्या हे खरं. पण त्या परत आल्या. नंतर आपल्या मुंबईत कितीतरी वर्षं राहिल्या, आधी ‘इंप्रिंट’ आणि मग ‘इलस्ट्रेटेड वीकली’ या इंग्रजी नियतकालिकांमध्ये काम केलं. 1989 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. चंपाचं परत येणं लिहिणारी बाई स्वतः परत आली.

वाचायचं कसं, तर पहिला भाग सावकाश वाचा. त्यात बौद्ध भिक्खू, ब्राह्मण, गणिका यांचे लांब वाद आहेत. सगळे कळले नाहीत तरी पुढे सरका, पण पानं उलटू नका. नाव परत आलं की ‘हा मागचा कोण’ म्हणून शोधू नका, या वेळी तो कुठल्या घरात जन्मला ते बघा. इंग्रज सिरिल अ‍ॅशलीचा भाग मला तितका आवडला नाही, तो तुम्ही भराभर वाचलात तरी चालेल. लंडनमधल्या गप्पाही लांबल्या आहेत. हिंदी आवृत्तीतही उर्दू शब्द भरपूर आहेत, अर्थ प्रसंगावरून लागतो. 1998 ला हैदर यांनी स्वतःच ती इंग्रजीत आणली, पण आणताना बरीच बदलली. त्यामुळे एक भाग हिंदीत आणि एक इंग्रजीत असं करू नका.

तक्ता कुठेच नको असं मात्र मी म्हणत नाही. मार्केसच्या ‘एकांताची शंभर वर्षं’मध्ये एकाच घराण्यात तीच दोन नावं पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तिथे वंशावळीचा उपयोग होतो. नेमाड्यांच्या ‘हिंदू’त सगळे काळ खंडेरावच्या एकट्याच्या डोक्यात ढवळतात, तिथे तर तक्ता काढताच येणार नाही. आणि तुमची स्मरणशक्तीच कमी असेल, वय झालं असेल, वाचनात आठवड्याआठवड्याचा खंड पडत असेल, तर नावं एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, त्यात कमीपणा नाही. फक्त चिठ्ठी तुम्ही स्वतः, वाचत वाचत लिहा. दुसऱ्याने आखून दिलेली घेऊ नका.

तेव्हा तिसऱ्यांदा पहिल्या पानापासून घ्या आणि कमालुद्दीन बंगालमध्ये स्थिरावेपर्यंत तरी सोडू नका. तिथवर येऊनही मन लागलं नाही, तर हे पुस्तक तुमच्यासाठी नाही, खुशाल परत करा. लागलं, तर चंपा अहमदबद्दल तुम्हाला काय वाटलं ते मला नक्की लिहा.