समूहगानाची मुलं वर्गात सुरात गातात आणि स्टेजवर विस्कटतात, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठवी ते दहावीची 24 मुलं-मुली, सहा आठवड्यांवर आंतरशालेय स्पर्धा, वर्गात गाणं छान बसतं आणि स्टेजवर लय पळते. शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय, 'चार-पाच बेसूर मुलांना नुसते ओठ हलवायला सांगितले तर चालेल का?'

नाही चालणार. आधी हेच बोलतो, कारण तुमच्या स्टेजवरच्या दुखण्याचं अर्धं मूळ इथेच असू शकतं.

या वयाचा 'बेसूर' मुलगा बहुतेक वेळा बेसूर नसतो, त्याला दिलेली पट्टी, म्हणजे गाण्याचा सा जिथे धरलाय तो सूर, चुकीची असते. स्वरतंतू लांब आणि जाड होत असतात, आवाज साधारण सप्तकभर खाली येतो आणि मधले काही महिने वर जाताना फाटतो. शिकवणारे सर असले तर पेटी काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून), म्हणजे मुली तार गंधाराला, वरच्या सप्तकातल्या गला, किंचाळणार. मॅडम असल्या तर काळी चारला. मग मुली खुशीत, पण मुलांना वरचा सा पेलत नाही आणि खालचा सापडत नाही. ते मधेच कुठेतरी एका सुरात घुमत राहतात आणि आपण शिक्का मारून मोकळे होतो.

मिश्र गटाला काळी तीन लावा. गाणं असं निवडा की मंद्रात (खालच्या सप्तकात) निषादाच्या खाली उतरावं लागणार नाही, नाहीतर मुलींचा आवाजच ऐकू येत नाही. मुलांना वर तार सापर्यंतच न्या. तार रे-गच्या ओळी मुलींनी गायच्या, तेवढा वेळ मुलांनी मध्य सा किंवा पंचम धरून ठेवायचा. काळी तीनचा पंचम म्हणजे काळी एक, त्यामुळे शाळेतला काळी एकचा तबला तसाच पंचमात चालतो. फक्त पावसाळ्यात मिळवलेला तबला डिसेंबरच्या आपल्या कोरड्या हवेत चढतो, म्हणून स्टेजमागे पुन्हा मिळवून घ्या.

आता तो 'बेसूर' मुलगा. त्याला एकट्याला पाच मिनिटं द्या, इतरांसमोर नाही. त्याला सा देऊ नका. 'आ' म्हणायला सांगा, जो सूर निघेल तो तुम्ही पेटीवर शोधा. समजा काळी एक सापडली. तिथेच पट्टी दाबून ठेवा आणि त्याला चार-पाच वेळा लावू द्या. आवाज पेटीत मिसळला की कानाला जाणवणारी थरथर थांबते, आणि हे त्याचं त्याला कळतं, सांगावं लागत नाही. मग पांढरी दोन, मग काळी दोन. काळी तीनपर्यंत पाचच पायऱ्या आहेत, पण एका दिवशी दोनपेक्षा जास्त चढवू नका. 'सर, आवाज फाटून राहिला' असं म्हणाला की त्या दिवशी थांबा.

मुकी मुलं उभी केली की काय होतं ते मी एका स्पर्धेत पाहिलंय. गट 24 जणांचाच. एका अनुभवी मार्गदर्शकांच्या आग्रहाने पाच मुलांना ओठ हलवायला सांगितलं आणि दिसू नयेत म्हणून मागच्या रांगेत उजव्या टोकाला उभं केलं. पेटी-तबला डाव्या टोकाला. नंतर ध्वनिमुद्रण घड्याळ लावून ऐकलं, तर पहिलं कडवं 40 सेकंदांचं आणि तिसरं 34 सेकंदांचं. पळवलं कुणी? त्या पाच जणांच्या पुढे उभ्या असलेल्या मुलींनी. मागून खालच्या सुराचा आधार नाही, पेटी लांब, ऐकू येतो तो फक्त स्वतःचा आवाज. अशा वेळी घाबरलेलं मूल लय वाढवतं आणि सूर वर ढकलतं, आणि बाकीचा गट त्याच्यामागे फरपटतो. परीक्षकांनी 'लयीवर नियंत्रण नाही' असा शेरा दिला, आणि मार्गदर्शकांनी खापर फोडलं त्या मुक्या पाचांवरच. जी मुलं गायलीच नाहीत ती लय कशी बिघडवतील?

पुढच्या खेपेला त्यातल्या चौघांना पट्टी सापडली. त्यांना मागच्या रांगेत मधोमध उभं केलं आणि कडव्यांतला फरक दोन सेकंदांवर आला.

आता स्टेजचं. वर्गाच्या चार भिंती आवाज परत देतात. नागपूरच्या सुरेश भट किंवा वसंतराव देशपांडे सभागृहात तो समोर निघून जातो आणि मुलांना वाटतं शेजारचा गातच नाहीये. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा सराव मैदानावर, मोकळ्यात घ्या. रांगा दोन, अर्धवर्तुळात, दोघांमध्ये वीतभर अंतर. वाद्यं टोकाला नकोत, मधोमध समोर खाली बसवा. आवाजाला दहा मीटर जायला सेकंदाचे सुमारे तीन शतांश लागतात, द्रुत लयीत विस्कटायला तेवढं पुरतं.

माईक दोनच मागा, उभ्या दांडीवरचे, पहिल्या रांगेपासून मीटरभर पुढे आणि एकमेकांपासून किमान तीन मीटर लांब. हातात माईक दिले की माईक धरलेली दोन मुलं ऐकू येतात, गट नाही.

लयीचं माप तुमच्याकडे रोज आहेच. राष्ट्रगीताची ठरलेली वेळ 52 सेकंद आहे. परिपाठाला घड्याळ लावा. 46 सेकंदांत संपत असेल तर तुमची शाळा रोज सकाळी लय पळवायचा सराव करते आहे.

सुरासाठी एका कडव्यात पेटी बंद ठेवा आणि कडवं संपताच सा दाबा. खाली आले असतील तर बहुधा श्वास अपुरा, वर गेले असतील तर ओरडणं. 'मोठ्याने गा' हे वाक्य सरावातून काढूनच टाका. लांब सुरावर शेजारच्या दोघांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही, कुणी कुठे घ्यायचा ते वहीत ओळीवर खूण करून ठरवा. ओळ 'श' किंवा 'स'वर संपत असेल तर ते अक्षर फक्त पुढच्या रांगेने उच्चारायचं, नाहीतर वाफ सोडल्यासारखा फुसफुसाट होतो.

स्टेजवर चढणं, उभं राहणं, मिटल्या ओठांनी चार सेकंद सा धरणं, हेही गाण्याइतकंच बसवा. स्पर्धेच्या सकाळी तर्री-पोहे नकोत, ते नंतर द्या.

काही गोष्टी राहिल्या. गट फक्त मुलींचा असेल तर काळी चारच ठीक. कुणाचा आवाज तीन आठवडे बसलेलाच असेल तर सराव थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा. आणि सहा आठवड्यांत प्रत्येकाला पट्टी सापडेलच असं नाही, आमच्या पाचातला एक राहिलाच होता. त्याला मुखड्याखालचा खर्ज, म्हणजे खालचा सा, दिला, एकच सूर, तेवढा तो पक्का धरायचा. 'गळा जन्मतःच असावा लागतो' म्हणणाऱ्या त्या मार्गदर्शकांना मी तेव्हाही हेच सांगितलं होतं: खर्जाला गळा नाही, कान लागतो, आणि कान त्या मुलाला होता.