सावलीतल्या सोनटक्क्याला फुलं का येत नाहीत?

पर्वरीच्या घरामागे फणसाखाली तुम्ही सोनटक्का लावलात, तो छातीएवढा वाढला, पण दोन पावसाळे गेले तरी कळी नाही, आणि उन्हाळ्यात पानांची टोकं करपतात, हा तुमचा प्रश्न. नर्सरीवाल्याने ‘याला सावली आणि पाणी लागतं’ एवढंच सांगून कंद दिले. तो खोटं बोलला नाही. कुठली सावली, ते मात्र सांगायचं राहिलं.

आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, फोंड्याकडे आहे. पाटाच्या कडेने सोनटक्का दाटलाय आणि वर पोफळी. पोफळीची सावली हलती असते. झावळ्यांतून ऊन खाली उतरतं, एका जागी फार वेळ टिकत नाही, पण दिवसभरात सगळ्यांना थोडंथोडं मिळून जातं. फणसाखाली तसं नाही. तिथे भर दुपारीही काळोखी. तेवढ्या उजेडात सोनटक्का जगतो, पानं काढतो, पण फुलायला लागणारं बळ त्याच्याकडे जमत नाही. शिवाय फणसाची मुळं वरच्या थरातलं पाणी आधीच ओढून घेतात. म्हणजे ऊन नाही आणि पाणीही उरलंसुरलं. फणसाला हात लावू नका, कंद हलवा. घराच्या पूर्वेला, सकाळचं दोन-तीन तास ऊन येऊन पुढे सावली पडते अशी जागा बघा. पश्चिमेची बाजू नको, तिथलं दुपारनंतरचं ऊन पानं भाजून काढतं.

करपण्याचं कारण तुमच्या पायाखाली आहे. पर्वरीचं पठार म्हणजे जांभा, वर माती वीतभर. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि पठारावरून तो निथळून जातो. दिवाळीनंतर जमीन टणक व्हायला लागते. सोनटक्का मूळचा पूर्व हिमालयाच्या बाजूचा, ओढ्याकाठी वाढणारा. त्याची मुळं कोरडी पडली की आधी पानांची टोकं बोलतात. म्हणून दीड-दोन फूट खोल खड्डा काढा आणि तळाला नारळाची सोडणं पोकळ बाजू वर करून रचा. सोडणं पाणी धरून ठेवतात. वर माती, जुनं कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा. ताजं कोंबडीखत किंवा युरिया टाळा, नुसती पानंच माजतील. मासे धुतलेलं पाणी ओतायला हरकत नाही, फक्त मांजरं खड्डा उकरतात.

आमच्याकडे जुनी माणसं सोनटक्का न्हाणीच्या पाण्यावर लावायची, त्यामागे विचार होता. रोज थोडं पाणी आपोआप मिळायचं. आता त्या पाण्यात ब्लीच आणि कपड्यांची पावडर असते, तेव्हा वॉशिंग मशीनचा पाइप तिकडे वळवू नका. आंघोळीचं चालेल. उन्हाळ्यात मातीत बोट खुपसून बघा, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर पाणी द्या. बुंध्याशी पोफळीच्या झावळ्या पसरल्या तर ओल जास्त टिकते.

कंद हलवताना जुने दांडे वीतभर ठेवून छाटा. हळद-आल्याच्याच घराण्यातला असल्याने कंदावर तसेच डोळे दिसतील. दोन-तीन डोळ्यांचा तुकडा तोडा, कापलेल्या जागी राख लावा, एक दिवस सावलीत सुकू द्या. लावायचा उथळ, कंदावर दोन बोटं माती पुरे. रुजलेला सोनटक्का चिखल सहन करतो, पण ताज्या कापाचा तुकडा तुंबलेल्या पाण्यात कुजतो. तुकड्यांत हातभर अंतर ठेवा. उरलेले कंद व्हाळात, म्हणजे ओढ्यात, फेकू नका. वाहत जाऊन काठाने पसरतात. ब्राझील आणि हवाईमध्ये त्याने असाच उच्छाद मांडलाय.

फुलणारा दांडा ओळखायचा कसा? टोकाला हिरव्या खवल्यांचं, एकावर एक बसलेलं बोंड येतं. प्रत्येक खवल्याआडून कळ्या एकामागून एक निघतात, म्हणून एकच दांडा बरेच दिवस फुलतो. कळी संध्याकाळी उमलते, वास अंगणभर जातो, आणि दुसऱ्या दिवशी फूल पिवळट होऊन मिटतं. वेणीत माळायचं असेल तर उमलायच्या आधी काढा. फुलून गेलेला दांडा परत कधीच फुलत नाही, तो जमिनीलगत कापून टाका म्हणजे नव्या कोंबांना उजेड मिळेल. हे काम बहुतेक लोक करत नाहीत, मग बेट आतून दाटतं आणि फुलं फक्त कडेला येतात. तीन-चार वर्षांनी सगळं बेट उकरून पुन्हा लावावं.

खड्डा मे महिन्यातच करून ठेवा आणि मिरगाचा पाऊस लागला की कंद हलवा. यंदाच्या चवथीला, म्हणजे गणपतीत, फुलं धरून चालू नका, ती पुढच्या पावसाळ्यात येतील. तोवर गोगलगायी मात्र येतीलच. कोवळे कोंब त्यांना फार आवडतात, रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात.