‘स्वेल अप’ म्हणजे सुजणं की फुगणं? कुठं वापरायचं?

दोन्ही, पण आधी सुजणं. मार, मुरगळा, चावा, ॲलर्जी यानं शरीराचा भाग सुजला की ‘स्वेल अप’. गड्ड्याच्या जत्रेत दिवसभर हिंडून संध्याकाळी पाय सुजले, तर ‘माय फीट स्वेल्ड अप’. नुसतं ‘स्वेल’ही चालतं; ‘अप’नं सूज चांगलीच, डोळ्यांना दिसेल इतकी आली असा जोर येतो. पाणी पिऊन वस्तू फुगते तिथंही हेच, म्हणजे रात्री भिजत घातलेले हरभरे सकाळी ‘स्वेल अप’ होतात. तव्यावरची भाकरी टम्म फुगते तिथं मात्र ‘पफ अप’, कारण आत वाफ भरते.

सोलापुरात बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो, त्यांच्या वह्यांत दोन चुका हमखास सापडतात. एक, ‘द बी स्वेल्ड अप माय हँड’. मधमाशी हात सुजवत नाही, हातच सुजतो, म्हणून ‘माय हँड स्वेल्ड अप’. या क्रियापदाला असं कर्म जोडत नाहीत. दुसरी, ‘स्वेल्ड फूट’. नामाआधी विशेषण म्हणून ‘स्वोलन फूट’च बरोबर. ‘हॅज’नंतर मात्र ‘स्वोलन’ आणि ‘स्वेल्ड’ दोन्ही चालतात, पण ‘स्वोलन’ जास्त कानावर पडतं, तेच लिहा.

एक सांभाळा: डोळ्यांत पाणी दाटून येणं म्हणजे ‘वेल अप’. तिथं चुकून ‘स्वेल अप’ लिहिलंत तर डोळे भरून यायच्या ऐवजी सुजतील.